एकटीचा फोटो

"या घरात माझ्यापासून काय लपून ऱ्हायचं नाय!" हे काशीरामांचं आवडतं वाक्य. ते ज्याने ऐकलं नाही, असा माणूस वाडीत सापडला नसता. आणि वाक्य अगदीच हवेतलं होतं असंही नाही. काशीरामांनी उमेदीची सारी वर्षं मुंबईत एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन म्हणून घालवली होती. माणूस आत शिरताना कसा चालतो आणि बाहेर पडताना कसा चालतो, एवढ्यावरून त्याच्या डब्यात उरलेली भाजी आहे की कंपनीचे स्क्रू, हे ते बसल्या जागी सांगत. निवृत्त होऊन गावी आले, पण नजर काही निवृत्त झाली नाही. शेजारच्या सखूची कोंबडी कुणाच्या परसात अंडं घालते, हे सखूच्या आधी काशीरामांना ठाऊक असायचं.

तर अशा या तल्लख माणसाने यंदा भात झोडून झाल्यावर, ऐन थंडीत, स्वतःच्याच घरात जो घोळ घातला, तो सांगायचा म्हणजे आधी कॅमेऱ्याचं सांगायला हवं.

कॅमेरा आणला अनिलने. अनिल म्हणजे त्यांचा मुलगा, मुंबईत नोकरीला. सुटी काढून गावी आला होता. आल्या आल्या आईला, म्हणजे हौसाबाईंना, गुडघा दाखवायला रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगेतून कॅमेरा बाहेर काढला. मुठीत मावेल एवढासा, वरून चंदेरी, खाली काळं चामडं, आणि माथ्यावर आकडे कोरलेल्या चकत्या.

"सेकंडहँड घेतलास काय रे?" काशीरामांनी लगेच विचारलं.

"नवा कोरा आहे, बाबा! दिसायला तेवढा जुना. हल्ली अशीच आवड आहे लोकांची. आत सगळं नवं."

"म्हणजे जुना दिसावा म्हणून ज्यादा पैसे दिलेस?"

अनिलने कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली, कारण खरं तर तसंच होतं!

"आणि रोल कुठून घालतोस?"

"रोल नाही, बाबा. कार्ड असतं. ही चकती फिरवली की फोटो झटकन काढायचा की सावकाश, ते ठरतं. ही उजेड कमी-जास्त करायला. आणि खरी गंमत पुढेच आहे. हा माणसाचा डोळा आपला आपण ओळखतो. हे बघा!"

मागच्या पडद्यावर काशीराम दिसत होते आणि त्यांच्या डोळ्यावर एक इवलासा चौकोन बसला होता. काशीराम डावीकडे झुकले, चौकोनही झुकला. उजवीकडे सरकले, चौकोन मागोमाग आला. खांबाआड लपून हळूच डोकावले, तर चौकोन हजर!

"मेल्या, हा तर माझ्यापेक्षा बरा वॉचमन!" काशीराम खूश झाले.

मग अनिलने त्यांचे फोटो काढायला घेतले आणि तिथेच सगळं फसलं. काशीरामांच्या मते फोटो म्हणजे गेटपास. कॅमेरा समोर आला की हात मांड्यांना, छाती पुढे, श्वास बंद! अनिल म्हणाला, "बाबा, सहज उभे राहा." ते आणखी ताठ झाले. "बाबा, हसा." त्यांनी असे दात दाखवले की सखूची कोंबडी पडवीतून बाहेर पळाली. शेवटी अनिलने नाद सोडला आणि तो आईकडे वळला.

हौसाबाई खळ्यात सूप घेऊन कुळीथ पाखडत बसल्या होत्या. त्यांचंही काही वेगळं नव्हतं. कॅमेरा डोळ्याला लावलेला दिसला की त्या पदर सावरून देवळातल्या मूर्तीसारख्या बसायच्या. पण या कॅमेऱ्याचा मागचा पडदा वर उचलता येत होता. अनिलने तो उचलला, कॅमेरा पोटाशी धरला आणि मान खाली घालून पडद्यात बघत उभा राहिला. आईला वाटलं, पोरगा बटणांशी खेळतोय. ती आपली पाखडत राहिली, कोंबडीला हाकलत राहिली, स्वतःशीच हसत राहिली, आणि तो फोटोवर फोटो काढत राहिला.

पडवीत बसलेल्या काशीरामांना हे कौतुक ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की मुलगा आईसमोर मान खाली घालून उभा आहे. हलत नाही, बोलत नाही, आईच्या नजरेला नजर देत नाही. मध्येच त्याने बाहीने डोळे पुसले. चुलीचा धूर त्याच्याच बाजूला येत होता, पण धुराकडे बघायला काशीरामांना फुरसत कुठली!

संध्याकाळी त्यांनी आडून विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले रे आईला?"

"काही नाही, बाबा. सगळं ठीक आहे."

साध्या सर्दीचंही पुराण लावणारा पोरगा, आणि आज नुसतं 'सगळं ठीक आहे'! काशीरामांच्या मनात पाल चुकचुकली.

मागल्या दारी फणसाखाली तेवढी मोबाइलला रेंज यायची. अनिल तिथे उभा राहून बायकोशी, निशिगंधेशी, बोलत होता. काशीराम सहज पाय मोकळे करायला म्हणून गेले आणि भिंतीआड सहजच थांबले.

"अगं, आईचा एकटीचाच हवा," अनिल सांगत होता. "मागे काही नको, नुसता चेहरा. रंगीत नाही, काळा-पांढराच. मोठा करून फ्रेम करून घेऊ. भिंतीवर लावायचा ना! आणि हे बघ, बाबांना इतक्यात काही बोलू नकोस. त्यांना वाईट वाटेल."

काशीराम भिंतीला धरून खाली बसले.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यात काय झालं? अहो, त्या घराच्या भिंतीवर कोण कोण होतं ते तरी बघा. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला गेलेले. काशीरामांचे वडील, काशीरामांची आई, थोरला भाऊ, सगळे काळे-पांढरे, सगळ्यांना हार. जिवंत माणसांचे फोटो असतात ते पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या घोळक्यात. एकट्या माणसाचा मोठा फोटो काढायची वेळ कधी येते, हे वाडीत लहान पोरालाही कळतं. म्हाताऱ्या माणसाचं काही खरं दिसेना झालं, की शहाणी माणसं गाजावाजा न करता फोटो काढून ठेवतात. नाहीतर मग लग्नाच्या घोळक्यातून चेहरा कापून घ्यावा लागतो. थोरल्या भावाचा तसाच घेतला होता. अजून त्याच्या फ्रेममध्ये कुणाचं तरी कोपर आहे आणि दर अमावस्येला त्या कोपरालाही उदबत्ती ओवाळली जाते.

त्या रात्री काशीरामांना जेवण गेलं नाही. त्यांचा संसार तो काय! ते मुंबईत, हौसाबाई गावी. मे महिना आणि गणपती सोडले तर दोघं एका छपराखाली कधी राहिलेच नव्हते. आता कुठे एकमेकांची सवय होत होती. तिला भाकरीचा करपलेला कोपरा आवडतो, हे त्यांना परवा-परवा कळलं होतं. आणि आत्ताच? त्यांना रडू यायला लागलं. पण रडायचं कसं हेही त्यांना नीट माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी नाक शिंकरून घेतलं.

मग त्यांनी ठरवलं. हौसाला काही कळू द्यायचं नाही, आणि आता तिला सुखात ठेवायचं!

सकाळी हौसाबाई उठल्या तर काशीराम चुलीपुढे! चहा केला होता. साखर कुठे असते, चहा कुठे असतो, यातलं काहीच ठाऊक नसल्यामुळे जे सापडलं ते घातलं होतं.

"घे," ते म्हणाले.

हौसाबाईंनी एक घोट घेतला आणि कपाच्या कडेवरून नवऱ्याकडे पाहिलं. चहा बरा नव्हता, पण त्यांनी तो संपवला.

मग विहिरीवरून कळशी काशीरामांनी आणली. भर उजेडात, सगळ्या वाडीदेखत! दुपारी आमटीत मीठ जास्त पडलं होतं, तरी "झकास झालीय" म्हणून दोनदा घेतली. संध्याकाळी बाजारातून अबोलीचा गजरा आणला आणि चोरीचा माल द्यावा तसा पदराखाली सरकवला.

आता इथे हौसाबाईंच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हवं. जन्मात ज्या पुरुषाने पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, तो कळशी आणतो आणि गजरा आणतो! याचे अर्थ दोनच. एक तर दृष्ट लागली, नाहीतर... आधी त्यांनी दृष्टच काढली. मीठ-मिरच्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या. काशीराम मुकाट उभे राहिले. जाता जाताही ही माझीच काळजी करते, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले. ते भरलेले डोळे हौसाबाईंनी पाहिले आणि त्यांची खात्रीच झाली. नवरा काहीतरी मोठं दुखणं लपवतोय! त्यांनी फणसाखाली जाऊन नाटे बंदरावर, माहेरी, भावाला फोन लावला. "रामा, ह्यांचं काय खरं नाय रे. येऊन जा."

इकडे काशीरामांनाही मन मोकळं केल्याशिवाय राहवेना. त्यांनी सखूला गाठलं. "कुणाला बोलू नको. हौसाचं काय खरं नाय." सखूने शपथ घेतली. तासाभराने हौसाबाईंनी सखूला तेच सांगितलं, फक्त माणूस बदलून. सखूने परत शपथ घेतली. बाई शब्दाला पक्की! एकाचं गुपित तिने दुसऱ्याला कळू दिलं नाही. राहिलेल्या वाडीला सांगायला मात्र शपथेची काही आडकाठी नव्हती.

दुसऱ्या दिवशी काशीरामांनी विचारलं, "हौसा, तुला काय करावंसं वाटतं? सांग. काय पण सांग."

हौसाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "समुद्राकाठी बसावंसं वाटतं," त्या म्हणाल्या. "तुमच्याबरोबर."

समुद्र काही लांब नव्हता. पण नाटे बंदरावरची ही पोर लग्न करून आत डोंगरात आली, ती भाताच्या आणि गुरांच्या मागे अशी लागली की वाळूत नुसतं बसायला म्हणून कधी गेलीच नाही. काशीरामांनी वाडीतल्या स्वरूपची रिक्षा सांगितली आणि दोघं आरे-वारेच्या किनाऱ्यावर गेली.

हौसाबाई पाण्यात उतरल्या. गुडघ्यामुळे तोल जाईल म्हणून काशीरामांनी हात धरला. दुसऱ्या हातात तिच्या चपला होत्या. लाट आली, पायाखालची वाळू सरकली, हौसाबाई लहान पोरीसारख्या ओरडल्या आणि हसल्या. त्या हसल्या आणि काशीरामांनी हात आणखी घट्ट धरला. ही नसेल तर मी या घरात करू काय? कुणाच्या हालचालींवर नजर ठेवू?

"हौसा," त्यांनी घसा खाकरला. "तू... तू बरी बायको हायस."

काशीरामांच्या तोंडून निघालेलं हे आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक. ऐकताक्षणी हौसाबाईंना हुंदका फुटला.

"असं नका बोलू हो!"

"रडू नको गो. मी हाय ना!"

"तुम्ही हायत म्हणूनच तर!" असं म्हणत त्यांनी असा सूर लावला, की काशीरामांनाही रडू आवरेना. दोघं पाण्यात उभी राहून एकमेकांसाठी रडली. वर रस्त्यावरून स्वरूपने ते पाहिलं आणि वाडीत पोचल्याबरोबर, कुणी न विचारता, सांगितलं.

सकाळी घर माणसांनी भरलं. कुणी शहाळं आणलं, कुणी केळी. जो तो येऊन काशीरामांपुढे मान हलवायचा, मग आत जाऊन हौसाबाईंपुढे. अनिल आंघोळीला गेला होता. एवढ्यात नाट्याहून रामा आला. बंदरावरून सरळ एसटी धरून आलेला, हातात पिशवी, पिशवीबाहेर सुरमईचं शेपूट.

"भावोजी, बसा, बसा! उठू नका!" तो धावत आला.

"अरे, मी कशाला उठू नको?"

"कसं वाटतंय आता?"

"कसं वाटणार, रामा? सोसायचं."

"फार दुखतं काय?"

"आतल्या आत," काशीराम म्हणाले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

रामाने मोकळ्या हाताने त्यांचा हात धरला. "तुम्ही काय काळजी करू नका. मागे ताईला मी बघीन. नाट्याला घेऊन जाईन तिला."

"तिला कशाला नेतोस? शेवटचे दिवस तरी तिला ह्या घरात काढू दे!"

"कुणाचे शेवटचे दिवस?"

"हौसाचे!"

"ताईचे?" रामाच्या हातातली पिशवी खाली पडली. "मला तर ताईने तुमचे सांगितले!"

सगळे सखूकडे बघायला लागले. सखू वर कौलांकडे बघायला लागली. आणि हौसाबाई दारात आल्या.

"मला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"मला काय झालंय?" काशीरामांनी विचारलं.

"मी ठणठणीत हाय!"

"मी पण ठणठणीत हाय!"

"मग चहा कशाला केलात?" हौसाबाई कडाडल्या. "कळशी कशाला आणलीत? गजरा कशाला आणलात? बरी बायको कशाला म्हणालात?"

या बिनतोड सवालावर साऱ्या वाडीने मान डोलावली.

"अगो, पण अनिलने तुझा फोटो काढला ना!" काशीरामांचा आवाज कापायला लागला. "एकटीचा! काळा-पांढरा! भिंतीवर लावायला!"

"आई गं!" म्हणून चार बायकांनी तोंडाला पदर लावला. एवढं ऐकल्यावर कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. आणि नेमका तेव्हाच अनिल डोकं पुसत बाहेर आला.

पुढची काही मिनिटं त्याला कुणी बोलूच दिलं नाही. शेवटी हात जोडून तो म्हणाला, "अहो, आमच्या नव्या घरातली भिंत रिकामी आहे! निशिगंधा म्हणाली, तिथे आईंचा छान फोटो लावू. शहरात लावतात हो! जिवंत माणसांचे लावतात!"

सखूला हे काही पटेना. "जिवंत असतानाच लावला, तर गेल्यावर काय लावता?"

अनिल परत डोकं पुसायला लागला.

"आणि मला वाईट वाटेल, ते कशाचं?" काशीरामांनी विचारलं.

"तुमचाही काढला होता, बाबा. पण तुमचा एकही भिंतीवर लावण्यासारखा आला नाही," अनिल चाचरत म्हणाला.

त्याने मोबाइल पुढे केला. कॅमेऱ्यातला फोटो वायरीबियरीशिवाय त्यात येऊन बसला होता. काशीरामांनी चष्मा लावला. हौसा सूप घेऊन बसली होती, कोंबडीकडे बघून काहीतरी पुटपुटत, अर्धवट हसत. पांढरे केस उजेडात आलेले, गालावरची एकेक सुरकुती मोजून घ्यावी अशी, आणि डोळा असा स्वच्छ की आत्ता ती मान वर करून काहीतरी विचारेल. काशीराम बघतच राहिले.

"ही अशी दिसते?" त्यांनी हळूच विचारलं.

"रोज अशीच दिसते, बाबा," अनिल म्हणाला.

काशीरामांनी मोबाइल परत दिला नाही. मरण टळलं, हे त्यांच्या आता कुठे ध्यानात येत होतं. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, आणि पंचा तोंडावरून काढायला त्यांना बराच वेळ लागला.

मंडळींची जरा निराशाच झाली म्हणायची. पण सुरमई आलीच होती, ती वाया जाणं शक्य नव्हतं. बायका चुलीकडे गेल्या, रामाने कोयता मागितला, आणि शहाळी ज्यांनी आणली त्यांनीच फोडून प्यायली.

"चला, आता दोघांचा एक काढतो," अनिल म्हणाला.

खळ्यात खुर्ची मांडली. हौसाबाई बसल्या, काशीराम मागे उभे राहिले. अनिलने बटण दाबलं. खट्! तो आवाज आला मात्र, काशीरामांची छाती पुढे, हात मांड्यांना, श्वास बंद! परत दाबलं. खट्! परत तेच. मग अनिलच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने कॅमेऱ्याचा आवाजच बंद करून टाकला. आता बटण दाबलं तरी पान हलल्याएवढीही चाहूल नव्हती.

काशीराम ताठ उभे राहिले आणि खट् होण्याची वाट बघू लागले. होईना. छाती हळूहळू खाली बसली. होईना. एक हात मांडीवरून सुटला, आणि कुठे ठेवावा ते न कळून हौसाबाईंच्या खांद्यावर जाऊन टेकला. त्या हाताखाली खांदा उबदार होता, हाडाचा होता, जिवंत होता. काशीरामांनी हात तिथेच ठेवला.

फोटो त्याच क्षणी निघाला होता.

"झाला काय रे?" काशीरामांनी ओठ न हलवता विचारलं.

"नाही, बाबा. हलू नका," अनिल म्हणाला.

चुलीवर सुरमईचा वास सुटला. सखूची कोंबडी मध्येच येऊन गेली. काशीराम हलले नाहीत.

"आता?"

"जरासं थांबा."

हौसाबाईंना मुलाचं बोट दिसत होतं. ते केव्हाचं बटणावरून निघून खिशात गेलं होतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने त्यांच्याकडे पाहिलं.

"घाई नको करू रे," त्या म्हणाल्या. "नीट येऊ दे."

आता काशीराम येईल-जाईल त्याला सांगतात, "महागातला कॅमेरा घेतला पोराने, पण कामाला अगदी ढिला! आमच्या मुंबईच्या स्टुडिओत खट् केलं की फोटो. ह्याच्यापुढे उभं ऱ्हाऊन माझ्या पायाला मुंग्या आल्या. दुकानदाराने फसवला त्याला. माझी नजर चुकत नाय!"

हौसाबाई बाजूलाच कुळीथ पाखडत असतात. त्या मान वर न करता म्हणतात, "व्हय तर, जाम वेळ लावतो. अनिल आला की परत काढायला सांगू."